आवृत्ती बदलते तेव्हा

‘आवृत्ती’ हा शब्द आपण साहित्याच्या लोकांनी पुस्तकांच्या संदर्भात इतका वापरला आहे, की संगणकाच्या पडद्यावर तोच शब्द भेटला की त्याचा अर्थ आपल्याला आधीच ठाऊक आहे असे वाटते. पुस्तकाची नवी आवृत्ती निघते, लेखक एखादे प्रकरण वाढवतो, प्रस्तावना बदलतो, मुद्रणदोष दुरुस्त करतो. जुनी आवृत्ती मात्र ग्रंथालयाच्या कपाटात जिथे होती तिथेच राहते. अभ्यासकाला दोन्ही शेजारी ठेवून पाठभेद पाहता येतात. सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचे असे नसते. ती बहुतेक वेळा जुनीची जागा घ्यायला येते, आणि आपल्याबरोबर वापरणाऱ्याच्या हातानेही बदलावे अशी तिची अपेक्षा असते.

ही अपेक्षा ज्यांना सर्वांत जास्त जाचते त्यांत अ‍ॅनिमेशन शिकणारी मुले येतात. पत्र टाइप करणाऱ्याला मेनूतली एखादी ओळ इकडची तिकडे गेली तर दिवसातून दोनदा अडखळावे लागेल. अ‍ॅनिमेशन करणारा एका सेकंदाच्या हालचालीसाठी शेकडो लहान कृती करतो, आणि त्यांतल्या बहुतेक कृती विचार न करता हाताकडून व्हाव्यात असा त्याचा सराव असतो. तो सराव मोडला की त्याला वाटते, आपले कौशल्यच गेले. ‘मला येत होते, आता येत नाही’ हे वाक्य अशा वर्गांत वारंवार ऐकू येते. या वाक्यात खरे किती आणि भास किती, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे. साहित्याच्या वाचकांपुढे हा विषय मांडण्याचे कारण असे, की रूढी, परंपरा, माध्यम आणि आविष्कार यांविषयीचे जे प्रश्न आपण वर्गात चर्चितो, तेच प्रश्न इथे अगदी व्यावहारिक रूपात उभे आहेत.

ज्या भूभागावरून हा विषय सुचला तो मुळशी तालुका आहे. महसुली हिशेबाने हिंजवडी याच तालुक्यात येते, म्हणजे सॉफ्टवेअर हा शब्द पुण्यात ज्या गावाच्या नावाशी जोडला गेला ते गाव मुळशीचे. लवळ्याच्या टेकड्यांवर मोठ्या शिक्षणसंस्था उभ्या आहेत. पौडच्या पुढे ताम्हिणीच्या दिशेने जावे तर भातखाचरे लागतात आणि नंतर धरणाचे पाणी. नवे कौशल्य, जुने कौशल्य आणि कौशल्याच्या पायाखालची जमीन हे तिन्ही एका तालुक्यात इतक्या जवळजवळ क्वचितच सापडेल.

प्रथम कौशल्य म्हणजे काय ते पाहू. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली, ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, वाटाण्याच्या रोपाची वाढ कॅमेऱ्याने टिपली. अनेक दिवसांची वाढ त्यांनी एकेक चौकट करून गोळा केली आणि ती काही क्षणांत पडद्यावर दाखवली. पुढे १९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. त्यात काड्या हाताने थोड्या थोड्या सरकवून दर वेळी एक चौकट घेतलेली. फाळक्यांच्या कॅमेऱ्यात काड्यांना हलवणारी कोणतीही सोय नव्हती. दोन चौकटींमध्ये काडी किती सरकवायची, एवढाच निर्णय होता, आणि तो त्यांच्या नजरेचा होता. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यात आली, आणि तिच्या पुण्यातल्या आरंभीच्या वर्षांत रघुनाथ केळकर यांनी ‘जंबू काका’ हा अ‍ॅनिमेशनपट केला. तिथेही मूळ निर्णय हाच. १९५६ मध्ये डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला आले. त्यांच्यापुढे बसलेल्या चित्रकारांना रेषा काढता येतच होती. त्यांना शिकायचा होता तो काळ: एका रेखाटनापासून दुसऱ्यापर्यंत किती वेळ जावा, आणि तो वेळ मधल्या चित्रांत कसा वाटून द्यावा.

हा वाटा देण्याची एक साधी खूण कागदावरच्या अ‍ॅनिमेशनमध्ये होती. मुख्य रेखाटनाच्या कडेला एक उभी रेघ काढायची आणि तिच्यावर आडव्या खुणा करायच्या. खुणा दाट असतील तिथे मधली चित्रे एकमेकांच्या जवळ, म्हणजे हालचाल संथ. खुणा विरळ असतील तिथे चित्रे दूर, म्हणजे हालचाल वेगवान. उसळणाऱ्या चेंडूचे उदाहरण प्रत्येक वर्गात देतात. चेंडू वर पोचतो तेव्हा क्षणभर रेंगाळतो, तिथे चित्रे दाट. जमिनीकडे येताना सुटतो, तिथे विरळ. सेकंदाला चोवीस चौकटी असतात, पण पुष्कळदा एक चित्र दोन चौकटींसाठी वापरतात, म्हणजे सेकंदाला बारा चित्रे. या बारांचा हिशेब ज्याला साधला त्याचा चेंडू रबराचा वाटतो किंवा दगडाचा वाटतो. रिचर्ड विल्यम्स यांनी आपल्या २००१ सालच्या पाठ्यग्रंथात वेळ आणि अंतर या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या, त्या याच. चेंडू कधी टेकतो ही वेळ; टेकण्यापूर्वी तो कुठे कुठे दिसतो हे अंतर.

तेव्हा अ‍ॅनिमेशनच्या कौशल्याचे तीन थर मानता येतील. सर्वांत वर बोटांचा थर: कोणती कळ दाबायची, कोणते बटण कुठे आहे. सर्वांत खाली नजरेचा थर: वजन, वेळ, अंतर यांची जाण. आणि या दोहोंमध्ये संकेताचा थर. त्या त्या साधनाने हालचालीची कल्पना कशी मांडली आहे, ती कशाला एकक मानते, काय आपोआप करते आणि काय माणसावर सोडते, हे त्यात येते. आवृत्ती बदलते तेव्हा हे तीन थर एकाच मापाने हलत नाहीत. विद्यार्थ्याला मात्र तिन्ही एकदम कोसळल्यासारखे वाटतात, कारण त्यांना वेगळे करून त्याला कोणी दाखवलेले नसते.

वरच्या थराचे उदाहरण ब्लेंडर या सॉफ्टवेअरचे घेऊ. २००२ साली लोकवर्गणीतून ते मुक्तस्रोत झाले आणि पुढे फीशिवाय वापरता येणारे साधन म्हणून शिकणाऱ्यांच्या हाती गेले. त्यात वस्तू निवडण्यासाठी माउसचे उजवे बटण दाबावे लागे. इतर सर्वत्र डावे, इथे उजवे. जुन्या वापरकर्त्यांना हा उलटेपणा अंगवळणी पडला होता आणि थोडा अभिमानाचाही झाला होता. जुलै २०१९ मध्ये २.८ ही आवृत्ती आली आणि मूळ मांडणीत डावे बटण निवडीचे झाले. अनेकांचे हात काही दिवस चुकत राहिले. पण हवे असेल त्याला उजव्या बटणाची जुनी पद्धत निवडण्याची मुभा ठेवलेली होती. इथे जे हरवले ते बोटांचे वळण. नवी चावी लावलेल्या दाराशी जुनी चावी काढणाऱ्या माणसासारखी ही अडचण असते, आणि ती सरावाने भरून निघते. तिच्यापायी कोणाचे चेंडू उसळायचे थांबले नाहीत.

मधल्या थराचे उदाहरण अधिक महत्त्वाचे आहे, आणि ते फ्लॅशचे. भारतातल्या असंख्य मुलांनी अ‍ॅनिमेशनची पहिली अक्षरे फ्लॅशवर गिरवली. मॅक्रोमीडिया ही मूळ कंपनी २००५ मध्ये अ‍ॅडोबीने घेतली, आणि २००८ च्या सीएस-४ या आवृत्तीत हालचाल देण्याची पद्धतच बदलली. आधीची रीत अशी: टाइमलाइनवर एक की-फ्रेम, चोवीस घरे पुढे दुसरी, दोन्हींत वस्तूची जागा वेगळी, आणि मधल्या पट्टीला ‘ट्वीन’ लावायचे. हालचाल त्या पट्टीची असे. नव्या रीतीत ट्वीन वस्तूलाच लावायचे. मग काळाचा काटा पुढे नेऊन वस्तू हलवली की की-फ्रेम आपोआप पडते. हालचाल वस्तूची झाली. जुन्या रीतीला ‘क्लासिक’ हे विशेषण लावून ती बाजूला ठेवण्यात आली. अभिजाततेचा मान कधीकधी असा निवृत्तीच्या दिवशी मिळतो.

ही बोटांची गैरसोय नव्हती. व्याकरण बदलले होते. ज्या मुलांनी ‘दोन की-फ्रेम आणि मध्ये बाण’ हे सूत्र पाठ केले होते, त्यांना आपण करतो आहोत ते काय, हेच कळेना. आता या बदलातला एक तपशील पाहा. नव्या पद्धतीत वस्तूच्या हालचालीचा मार्ग रंगमंचावर रेघेच्या रूपात दिसू लागला आणि त्या रेघेवर ठिपके दिसू लागले. एक ठिपका म्हणजे एक चौकट. ठिपके दाट तिथे हालचाल संथ, विरळ तिथे वेगवान. म्हणजे कागदाच्या कडेची ती जुनी खुणांची रेघ संगणकाने पुन्हा डोळ्यांसमोर आणून ठेवली होती. जुन्या फ्लॅशच्या बाणात वेळ दिसत असे, पण अंतर झाकलेले राही. ज्याने कधी कागदावर चेंडू उसळवला होता, त्याला नवी आवृत्ती ओळखीची वाटायला हवी होती. ज्याने केवळ जुनी आवृत्ती शिकली होती, त्याला ती परकी वाटणारच. ‘माझे कौशल्य गेले’ असे दुसरा म्हणतो तेव्हा खरे दुःख असे असते, की खालच्या थरापर्यंत त्याला कोणी नेलेच नव्हते.

आपल्या क्षेत्रात याला समांतर घटना आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली शासनमान्य झाले, १९७२ मध्ये त्यांत भर पडली, आणि व्युत्पत्तीने येणारे, न उच्चारले जाणारे अनुस्वार लेखनातून गेले. लिहिणाऱ्यांच्या एका पिढीला हात वळवावा लागला. त्या पिढीची मराठी त्यामुळे कमी झाली नाही. मात्र आजचा विद्यार्थी जुन्या छापाचे पुस्तक उघडतो तेव्हा शब्दांवरची टिंबे पाहून अडखळतो, कारण त्या टिंबांमागे एकवचन-अनेकवचनाचा आणि विभक्तीचा जो विचार होता तो त्याला सांगितलेला नसतो. नियम बदलण्यात तोटा झाला की नाही यावर वाद होऊ शकतो. बदलामागचा विचार न शिकवण्यात तोटा झाला, यावर वाद होऊ नये.

मुळशीच्या खाचरांतही असा एक बदल घडला आहे. भाताची आवणी हे हाताचे आणि नजरेचे काम. रोपे किती अंतरावर खोचायची हे बाई चालता चालता ठरवते. डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री पद्धत सह्याद्रीच्या भातपट्ट्यात पोचली तेव्हा तिच्याबरोबर खुणा केलेला दोर आला. पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटर अशा आलटून पालटून अंतरांवर रोप लावायचे. चार जवळच्या चुडांच्या मधोमध खताची गोळी खोचता यावी, यासाठी ही जोडओळींची आखणी. आवणीचा हात, रोप उथळ लावण्याचे भान, चिखलाची पारख हे सारे जुनेच उपयोगी पडले. बदलला तो संकेत, आणि संकेताला कारण होते. कारण सांगितले तर दोर समजतो. न सांगता नुसता दोर हाती दिला तर तो जाच वाटतो. शिकवण्याची पद्धत कशी असावी याचा धडा एवढ्यात येऊन जातो.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. तो असा, की ‘मूलभूत शिका, साधन गौण आहे’ हे बोलणे नोकरीत असलेल्या शिक्षकाला परवडते. नोकरीच्या जाहिरातीत सॉफ्टवेअरचे नाव लिहिलेले असते, वजनाची आणि वेळेची जाण लिहिलेली नसते. कर्ज काढून शिकणाऱ्या मुलाला आजचे साधन आजच यायला हवे. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला तुच्छतेने उत्तर देणे अनुचित होईल. शिवाय साधन निव्वळ गौण असते हेही खोटे. फ्लॅशमध्ये केलेल्या चित्रांची एक चण होती: सपाट रंग, स्वच्छ कडा, सांध्यांवर फिरणारे हातपाय. ती त्या साधनाने घडवली होती. ब्लेंडरच्या २.८ आवृत्तीत द्विमिती रेखाटनाचे अंग विस्तारले, तेव्हा त्रिमिती अवकाशात हाताने रेषा काढण्याची वेगळी शक्यता खुली झाली. ओवीत जे सांगता येते ते आर्येत तसेच्या तसे सांगता येत नाही, हे आपण जाणतो. माध्यम आशयाला वळण देते.

पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष माझ्या मते उलटा आहे. जाहिरातीत सॉफ्टवेअरचे नाव असते हे खरे, म्हणूनच ते नाव शिक्षणाच्या मुदतीपेक्षा कमी काळ टिकू शकते हे ध्यानात घ्यायला हवे. फ्लॅशचे संपादन-साधन २०१६ मध्ये ‘अ‍ॅनिमेट’ झाले. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी शिकलेले साधन शेवटच्या वर्षी बदललेले असणे, ही अपवादात्मक घटना राहिलेली नाही. अशा वेळी फक्त कळांची यादी शिकवणे हे सर्वांत अव्यवहार्य शिक्षण ठरते. आणि माध्यम आशयाला वळण देते हे मान्य असेल, तर ते वळण वाचायला शिकवणे हे तर आणखीच अगत्याचे. साधनाची समीक्षा करता येणे हा कौशल्याचा भाग आहे.

इथवर जे म्हटले ते विद्यार्थ्याला धीर देणारे आहे. पण आवृत्ती बदलताना एक गोष्ट खरोखरच हरवते, आणि तिच्याबद्दल धीर देऊन भागत नाही. ती म्हणजे केलेले काम. फ्लॅश प्लेअरचे आयुष्य ३१ डिसेंबर २०२० रोजी संपवण्यात आले, आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात चालणारी चित्रे तो स्वतःच अडवू लागला. दोन दशके जगभर मुलांनी आणि हौशी कलावंतांनी केलेली कामे ब्राउझरमध्ये दिसेनाशी झाली. इंटरनेट अर्काइव्हने नोव्हेंबर २०२० पासून अशा कृतींचा संग्रह सुरू केला आणि ‘रफल’ या मुक्तस्रोत साधनाच्या आधारे त्यांतल्या काही पुन्हा चालू लागल्या, हे उपकारच. तरी ज्याची कामे कुठल्याशा सीडीवर राहिली, त्याला ती उघडणे अवघड झाले. आपल्याला हे दुःख परके नाही. युनिकोडच्या आधी ‘शिवाजी’सारख्या फॉन्टमध्ये टंकलेले प्रबंध आणि लेख आज नव्या संगणकावर उघडले, की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. लेखकाची मराठी गेली नाही. लेख मात्र गेला.

याच जागी मुळशीचे दुसरे स्मरण होते, आणि ते प्रमाण राखूनच करायला हवे. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पुढे सेनापती बापट त्याचे नेते झाले. लढा १९२४ पर्यंत चालला, आणि खोरे बुडाले. राजेंद्र व्होरा यांनी त्याचा साक्षेपी इतिहास लिहिला आहे. माणसांच्या घरादारांची आणि संगणकातल्या फाइलींची तुलना करणे अश्लाघ्य होईल, आणि ती इथे केलेली नाही. पण त्या इतिहासाने एक प्रश्न विचारायला शिकवले आहे: बदल कोणी ठरवला, आणि ज्याच्यावर तो आला त्याला ‘नको’ म्हणता आले का? भातलावणीचा दोर शेतकऱ्याने घ्यावा किंवा न घ्यावा. तो नाकारला म्हणून त्याचे खाचर कोणी काढून घेतले नाही. सॉफ्टवेअरच्या प्रत्येक नव्या आवृत्तीला हा प्रश्न विचारता येतो. ब्लेंडरच्या जुन्या आवृत्त्या आजही उतरवून घेता येतात; २.८ मध्ये जुने रेंडर इंजिन काढून टाकले तरी ज्याचे जुने काम त्यावर अवलंबून होते त्याला मागची आवृत्ती चालवून ते पाहता येते. ती पुस्तकाच्या आवृत्तीच्या रीतीने वागते. भाड्याने घेतलेल्या, दूरच्या कंपनीच्या मर्जीने चालणाऱ्या साधनाबाबत अशी खात्री नसते. शिक्षणसंस्थांनी साधन निवडताना किंमत आणि बाजारातला खप पाहतात तसेच हेही पाहावे.

मग करायचे काय? तीन गोष्टी सुचतात, आणि त्यांना मोठा खर्च नाही. पहिली, अ‍ॅनिमेशनच्या प्रत्येक वर्गाची सुरुवात कागदावर किंवा आगकाड्यांनी व्हावी. काड्या फाळक्यांच्या काळात होत्या तेवढ्याच स्वस्त आहेत, आणि चौकटी टिपायला आता मोबाइल पुरतो. दुसरी, एकच चेंडू विद्यार्थ्याने दोन वेगवेगळ्या साधनांत, किंवा एकाच साधनाच्या दोन आवृत्त्यांत, उसळवून दाखवावा आणि दोन्हींत काय वेगळे करावे लागले यावर दोन पाने लिहावीत. पाठभेदाचा अभ्यास आपण जसा करतो तसाच हा. तिसरी, प्रत्येक पूर्ण केलेले काम मूळ फाइलीबरोबरच सुट्या चित्रांच्या मालिकेच्या रूपातही जपले जावे, कारण चित्र उघडणारे साधन हालचाल उघडणाऱ्या साधनापेक्षा जास्त काळ टिकण्याचा संभव आहे.

यांतल्या दुसऱ्या कामात साहित्याच्या शिक्षकाला वाटा उचलता येईल. दोन पाने लिहिताना विद्यार्थ्याला ‘इथे संगणकाने आपोआप केले’ आणि ‘इथे मी ठरवले’ यांतला फरक शब्दांत मांडावा लागतो. तो मांडायला नेमकी भाषा लागते. ती भाषा मराठीतून घडवायची तर ‘ट्वीन’ आणि ‘की-फ्रेम’ हे शब्द आहेत तसेच राहू द्यावेत. पण हालचाल रेंगाळली, सुटली, दचकली, ओशाळली, अडून बसली हे सांगणारी क्रियापदे आपल्याकडे विपुल आहेत. ती विद्यार्थ्याच्या हाती दिली, तर पुढची आवृत्ती कोणतीही येवो, आपल्याला काय घडवायचे आहे हे त्याला सांगता येईल.